डॉक्टर जॉन्सन आणि दारात उभा असलेला पोऱ्या

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लेखी मसुदा. लोकलच्या नाहीतर एसटीच्या आवाजात ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. बोलताना अडखळलेलं तेवढं काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)



आधी एक कबुली. हा भाग गेल्या शनिवारी यायचा होता, आला नाही. काही जणांनी काळजीनं विचारलं, "ताई, बरी आहेस ना?" तब्येत ठणठणीत होती. जुन्या मंडळींना माहीत आहे की मी पोटापाण्यासाठी फ्रीलान्स लिहिते. एका ठिकाणचं पुस्तिकेचं काम घेतलं होतं. निम्मे पैसे आगाऊ मिळाले होते आणि खर्चूनही झाले होते. आता, ज्याचे पैसे खर्चून झालेत ते लिहायला बसणं किती जिवावर येतं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. सकाळी दहाला लॅपटॉप उघडला. एक मेसेज आला. मग एक रील बघितली. मग वाटलं, टेबल आवरल्याशिवाय काही सुचायचं नाही. रात्री साडेअकराला फाइलमध्ये दोन ओळी होत्या, आणि त्यातली एक शीर्षकाची.

बरं, या सगळ्या टंगळमंगळीत मी करत काय होते? डॉक्टर सॅम्युएल जॉन्सनचं चरित्र वाचत होते. तोच तो, इंग्रजी डिक्शनरीवाला. म्हटलं, दिवस वाया गेलाच आहे तर निदान एपिसोड तरी करू.

पहाटे पाचला उठून रोज अमुक इतके शब्द लिहिणाऱ्या शिस्तशीर लेखकांच्या गोष्टी तुम्ही भरपूर ऐकल्या असतील. जॉन्सन त्या पंगतीत बसत नाही. हा माणूस दुपारी दोनपर्यंत अंथरुणात लोळायचा, रात्र रात्र गप्पा मारायचा, लोकांचे पैसे घेऊन वर्षानुवर्षं काम अडकवून ठेवायचा, आणि दर वाढदिवसाला डायरीत लिहायचा की आता मात्र सुधारणार. तरीही त्यानं जवळजवळ एकहाती शब्दकोश केला, दोन वर्षांत दोनशेच्या वर निबंध लिहिले, एका आठवड्यात एक कादंबरी लिहिली. हे जमलं कसं? मला जे वाटतं ते ओघात सांगते. आधी माणूस बघू.

१७०९ साली इंग्लंडमधल्या लिचफील्ड गावात त्याचा जन्म झाला. वडील पुस्तकविक्रेते होते, धंदा बेताचा. लहानपणापासून नजर अधू, अंगावर गंडमाळेचे व्रण, आणि पुढे आयुष्यभर टिकलेली चमत्कारिक अंगविक्षेपांची सवय. ऑक्सफर्डला गेला, पण पैसे संपल्यावर साधारण वर्षभरातच परत आला, पदवी न घेता. १७३५ साली त्यानं आपल्याहून वीस वर्षांनी मोठ्या एका विधवेशी, एलिझाबेथ पोर्टरशी लग्न केलं, तिच्या पैशांतून शाळा काढली आणि ती बुडवली. शाळेत मोजकीच मुलं होती. त्यातला एक डेव्हिड गॅरिक, जो पुढे इंग्लंडचा सगळ्यात गाजलेला नट झाला. १७३७च्या मार्चमध्ये हे गुरू-शिष्य दोघंही नशीब काढायला लंडनला निघाले.

त्या काळचं लंडन म्हणजे फ्रीलान्सरांची मंडई होती. त्याआधी लेखकाला कुणा सरदाराचा आश्रय लागायचा. आपल्याकडे शाहीर-पंडितांना दरबार लागायचा, तसंच काहीसं. आता मासिकं निघत होती, छापखाने चालत होते, आणि पुस्तकविक्रेतेच प्रकाशक झाले होते. ते पानाच्या, फर्म्याच्या हिशेबानं पैसे द्यायचे. अशा हातावर पोट असलेल्या लेखकांची वस्ती ग्रब स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर होती, आणि त्या रस्त्याचं नाव म्हणजे जवळजवळ शिवीच झाली होती. पुढे जॉन्सननं आपल्या शब्दकोशात ग्रब स्ट्रीटचा अर्थ देताना तिथल्या रहिवाशांच्या यादीत शब्दकोश लिहिणारेही घातले. म्हणजे स्वतःलाच टोला.

त्याला पहिला आधार मिळाला एडवर्ड केव्हचा. केव्ह 'जेंटलमन्स मॅगझिन' चालवायचा, क्लार्कनवेल भागातल्या सेंट जॉन्स गेट या जुन्या दरवाजाच्या इमारतीतून. तिथे जॉन्सन पडेल ते लिहायचा : कविता, चरित्रं, भाषांतरं. त्यातलं एक काम तर भन्नाट होतं. पार्लमेंटमधली भाषणं छापायला १७३८पासून बंदी होती. मग केव्हनं युक्ती काढली. गलिव्हरच्या प्रवासातल्या लिलिपुट देशाच्या संसदेत काय झालं, असं सांगून लंडनच्या पार्लमेंटचे वृत्तांत तो छापू लागला, नावं थोडी फिरवून. कुणीतरी आत बसून कोण बोललं, कुठल्या बाजूनं बोललं, एवढंच टिपून आणायचं. बाकीचं भाषण जॉन्सन स्वतःच्या खोलीत बसून रचायचा. पुढे एकदा जेवणाच्या टेबलावर मंडळी मोठ्या पिटच्या एका भाषणाची तारीफ करत होती, प्राचीन ग्रीक वक्त्यांशी तुलना चालली होती. जॉन्सननं शांतपणे सांगितलं की ते भाषण आपण एक्झिटर स्ट्रीटवरच्या माळ्यावर बसून लिहिलं होतं. मात्र लोक ही भाषणं खरी मानतात हे कळल्यावर त्याला त्याची टोचणी लागली आणि त्यानं ते काम सोडलं. फेक न्यूजच्या काळात हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे, पण तो विषय वेगळ्या भागाचा.

इथे त्याचा वेग बघा. मासिकाचे तीन कॉलम तासाभरात ही त्याची सहज चाल होती. रिचर्ड सॅव्हेज नावाच्या आपल्या कवीमित्राचं चरित्र त्यानं १७४४ साली लिहिलं, तेव्हा एका बैठकीत, रात्रभर जागून, छापील ४८ पानं उतरवली. हा सॅव्हेज म्हणजे ज्याच्याबरोबर जॉन्सननं खोलीचं भाडं नाही म्हणून लंडनच्या रस्त्यांवर रात्री पायपीट करत काढल्या होत्या. पुस्तक बिननावानं निघालं. केव्हकडे जेवायला आलेल्या वॉल्टर हार्ट नावाच्या एका गृहस्थांनी पुस्तकाची खूप स्तुती केली. नंतर केव्ह त्यांना म्हणाला, त्या दिवशी तुम्ही एका माणसाला फार आनंद दिलात. हार्ट म्हणाले, पण तेव्हा तर आपण दोघंच होतो! केव्हनं आठवण करून दिली : पडद्यामागे एक ताट पाठवलं होतं ना? त्या ताटावर जॉन्सन बसला होता. कपडे इतके फाटके की पाहुण्यांसमोर यायची त्याला लाज वाटत होती.

म्हणजे लिहिण्याची ताकद नव्हती असं नाही, एकाग्रता नव्हती असंही नाही. बसला की तो असा बसायचा. सगळं घोडं अडायचं ते बसण्यापाशी.

आता येते डिक्शनरी. १८ जून १७४६ रोजी लंडनच्या काही प्रकाशकांनी मिळून त्याच्याशी करार केला. इंग्रजी भाषेचा मोठा शब्दकोश करायचा, मोबदला १५०० गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे एकूण १५७५ पौंड. त्यातूनच कारकुनांचे पगार, कागद, सगळा खर्च. मुदत तीन वर्षं. एका मित्रानं विचारलं, अहो, फ्रेंच अकादमीच्या चाळीस जणांना त्यांचा कोश करायला चाळीस वर्षं लागली! जॉन्सन म्हणाला, हिशेब बरोबर आहे. चाळीस गुणिले चाळीस म्हणजे सोळाशे. एका इंग्रजाची आणि एका फ्रेंचाची बरोबरी तीनास सोळाशे अशी आहे. काम हातात घेताना फ्रीलान्सर असाच बोलतो, हे मी अनुभवानं सांगते.

तीनाची नऊ वर्षं झाली.

पण या नऊ वर्षांत तो रिकामा बसला होता असं समजू नका. फ्लीट स्ट्रीटजवळ गॉफ स्क्वेअरमध्ये त्यानं घर घेतलं. ते घर आजही आहे आणि बघता येतं. वरच्या माळ्यावर एखाद्या कचेरीसारखी उंच टेबलं मांडली आणि सहा लेखनिक ठेवले, त्यातले पाच स्कॉटिश. म्हणजे स्कॉटिश लोकांची आयुष्यभर टिंगल करणाऱ्या माणसाचा कोश झाला स्कॉटिश हातांनी. पद्धत अशी होती : जॉन्सन पुस्तकं वाचायचा. शब्दाचा चांगला वापर दिसला की त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढायचा, वाक्य कुठून कुठपर्यंत घ्यायचं त्याची खूण करायचा आणि समासात शब्दाचं पहिलं अक्षर लिहायचा. मग ते पुस्तक लेखनिकांकडे. ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून घ्यायचे आणि अक्षरवार लावायचे. मित्रांकडून उसनी आणलेली पुस्तकंही या रेघोट्यांतून सुटली नाहीत.

या पद्धतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एकट्यानं न करता येणारं काम त्यानं असं बांधून घेतलं होतं की माळ्यावर सहा माणसं पुढच्या पुस्तकाची वाट बघत बसलेली असायची. साहेब झोपून राहिले तर सहा माणसं रिकामी, आणि त्यांचा पगार साहेबांच्याच खिशातून. झोप लागेल कशी? तरी घोळ झालेच. हस्तलिखिताचा एक मोठा भाग कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिला गेला. खिळे जुळवणाऱ्याला पाठपोट कागद चालत नाही, म्हणून तो सगळा पुन्हा एका बाजूनं उतरवून घ्यायला २० पौंड गेले. आपल्या भाषेत सांगायचं तर चुकीच्या फॉरमॅटमध्ये फाइल दिली. प्रकाशकही वैतागले होते. शेवटचे कागद घेऊन गेलेला माणूस प्रकाशक अँड्र्यू मिलरकडून परत आला, तेव्हा जॉन्सननं विचारलं, काय म्हणाला? तर म्हणे, देवाची कृपा, सुटलो एकदाचा या माणसाच्या तावडीतून, असं म्हणाला. जॉन्सन हसला आणि म्हणाला, तो देवाचे आभार मानतो हे ऐकून बरं वाटलं.

१५ एप्रिल १७५५ला कोश बाहेर पडला. बेचाळीस हजारांवर शब्द आणि लाखाहून जास्त अवतरणं. थोडं आधी लॉर्ड चेस्टरफील्ड या बड्या सरदारानं कौतुकाचे लेख लिहून 'आश्रयदाता' म्हणून मिरवायचा प्रयत्न केला होता. सात वर्षं ढुंकून न बघता ऐन वेळी आलेल्या या मदतीला जॉन्सननं पत्र लिहून असं काही सुनावलं की ते पत्र लेखकाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणून आजही वाचलं जातं.

कोश चालू असतानाच त्यानं आणखी एक उद्योग केला. वरवर बघता वेडेपणा वाटेल. २० मार्च १७५०पासून त्यानं 'द रॅम्बलर' नावाचं निबंधपत्र सुरू केलं. दर मंगळवारी आणि दर शनिवारी एक निबंध, किंमत दोन पेनी, लेखकाला निबंधामागे दोन गिनी. कोश लांबतोय, आणि हा माणूस अंगावर आठवड्याला दोन डेडलाइन घेतोय! पण पैशांचा हिशेब साधा होता. कोशाचे पैसे लेखनिक आणि कागद खात होते, घर चालायला आठवड्याच्या चार गिनी उपयोगी पडत होत्या. आणि १४ मार्च १७५२पर्यंत, पूर्ण दोन वर्षं, २०८ अंक निघाले. एकही मंगळवार, एकही शनिवार चुकला नाही. मोजके निबंध सोडले तर सगळे त्यानं स्वतः लिहिले.

आता हे निबंध तो लिहायचा कसे? आयत्या वेळी. पहिला अर्धा भाग छापखान्यात जायचा, तो जुळवला जात असताना उरलेला अर्धा लिहिला जायचा. बरेच निबंध त्यानं छापायला जाण्याआधी पुन्हा वाचलेही नाहीत. दारात छापखान्याचा पोऱ्या उभा. त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं तर मशीन थांबणार, कंपोझिटर खोळंबणार. इंग्रजीत या पोरांना छापखान्याची भुतं म्हणायचे, शाईनं तोंडं काळी झालेली असायची म्हणून असेल. जॉन्सनच्या मानगुटीवर हे भूत आठवड्यातून दोनदा बसायचं आणि तो लिहायचा.

एक किस्सा सगळीकडे सांगितला जातो. चालढकलीवरचा त्याचा निबंध, रॅम्बलरचा १३४वा अंक, त्यानं म्हणे चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सच्या दिवाणखान्यात लिहिला, पोऱ्या शेजारी उभा असताना, घाईघाईनं. आळसावरचा निबंध आळसामुळे शेवटच्या क्षणी! जॉन्सनची मैत्रीण हेस्टर थ्रेलनं हे लिहून ठेवलंय. किस्सा इतका फक्कड आहे की खोटा म्हणवत नाही. पण तो अंक निघाला २९ जून १७५१ला, आणि तेव्हा रेनॉल्ड्स इटलीत होता. तो लंडनला परतला १७५२च्या अखेरीस. त्यामुळे दिवाणखाना तरी चुकीचा आहे. पोऱ्या मात्र होताच, कुठल्या ना कुठल्या दारात.

शेवटचा रॅम्बलर निघाला आणि तीनच दिवसांत त्याची बायको टेटी गेली. त्यानंतर काही काळ कोशाचं कामही मंदावलं.

आता गोष्टीची दुसरी बाजू. कोश झाला, ऑक्सफर्डनं मानाची पदवी दिली, देशभर नाव झालं. आणि ११ महिन्यांनी, मार्च १७५६मध्ये, या देशभर नावाजलेल्या माणसाला ५ पौंड १८ शिलिंगच्या कर्जापायी अटक झाली. कोशाचे पैसे वाटेतच संपले होते, आणि त्या काळात रॉयल्टी नावाचा प्रकार लेखकाच्या वाट्याला येत नव्हता. त्यानं कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसनला चिठ्ठी लिहिली. रिचर्डसननं सहा गिनी पाठवल्या, तेव्हा सुटका झाली. मला हा प्रसंग वाचून खरंच वाईट वाटलं. पोर्टफोलिओत आख्खी इंग्रजी भाषा आहे आणि खात्यात सहा पौंड नाहीत.

म्हणून त्यानं लगेच नवं काम काढलं : शेक्सपिअरच्या सगळ्या नाटकांची टीपांसह नवी आवृत्ती. जून १७५६मध्ये जाहिरात, पुस्तक १७५७च्या नाताळापर्यंत. लोकांकडून वर्गणी आगाऊ घेतली. आजच्या क्राउडफंडिंगसारखंच. आणि इथे गाडी रुतली. १७५७चा नाताळ गेला. ५८चा गेला. ५९चा, ६०चा गेला. वर्गणीदार विचारायचे, तो सांगायचा होतंय. दारात पोऱ्या नव्हता, माळ्यावर वाट बघणारे लेखनिक नव्हते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पैसे आधीच खर्चून झाले होते. नव्या वर्गणीदाराचं नाव घेऊन आलेल्या एका तरुण पुस्तकविक्रेत्याला त्यानं सांगून टाकलं की वर्गणीदारांची यादी मी छापणारच नाही. कारण दोन : नावं हरवली आहेत आणि पैसे संपले आहेत. इतकी निर्लज्ज प्रामाणिक सबब मी तरी अजून कुठल्या क्लायंटला दिलेली नाही. १७६२ साली चार्ल्स चर्चिल नावाच्या कवीनं एका उपरोधिक कवितेत त्याला 'पॉम्पोसो' नाव देऊन झोडपलं, की हा मासे गळाला लावावेत तशी गिऱ्हाइकं लावतो, पैसे घेतो, पण पुस्तक कुठाय?

त्यात त्याच वर्षी सरकारनं त्याला सालीना ३०० पौंडांचं पेन्शन दिलं. पेन्शन या शब्दाचा अर्थ त्यानंच कोशात सरकारी भाडोत्र्यांना देशद्रोहाबद्दल मिळणारा पगार अशा थाटात दिला होता, त्यामुळे लोकांनी मनसोक्त टर उडवली. पण आपल्या मुद्द्याचं असं की आता पोटासाठी लिहायचीही गरज उरली नाही.

शेवटी शेक्सपिअर पूर्ण कसा झाला? त्याचा चरित्रकार हॉकिन्स सांगतो की मित्रांनी त्याला पैजेत किंवा तशाच कुठल्यातरी पैशांच्या बोलीत अडकवलं, की अमुक तारखेपर्यंत काम पूर्ण करायचं. मित्रांनी भाड्यानं पोऱ्या आणून दारात उभा केला, असंच म्हणा ना. ऑक्टोबर १७६५मध्ये आठ खंड बाहेर पडले. दीड वर्षाचं काम, नऊ वर्षं. आणि प्रस्तावना इतकी चांगली की शेक्सपिअरवर लिहिणारे आजही तिच्यापाशी थांबतात.

आणि आता मधली एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मला या भागात खरं तर तीच सांगायची होती.

शेक्सपिअर असा रखडलेला असताना, जानेवारी १७५९मध्ये, लिचफील्डहून निरोप आला की आई अत्यवस्थ आहे. तिचं वय नव्वदीच्या घरात होतं. जॉन्सन कित्येक वर्षांत गावी गेला नव्हता. त्यानं १२ गिनी पाठवल्या, एकामागून एक पत्रं लिहिली, पण निघाला नाही. पैसे नव्हते हे खरं. तिला तशा अवस्थेत बघायची हिंमत नव्हती असंही चरित्रकार म्हणतात. २० जानेवारीला, शनिवारी, त्यानं छापखानेवाल्या विल्यम स्ट्राहनला पत्र लिहिलं : एक पुस्तक तयार करतोय, सोमवारी रात्री देईन, देईन तेव्हा ३० पौंड लागतील. त्याच सुमारास आई गेली.

ते पुस्तक म्हणजे 'रासेलस'. ॲबिसिनियाचा एक राजपुत्र सुखाच्या बंदिस्त दरीतून बाहेर पडतो आणि माणसानं कसं जगावं हे शोधत फिरतो, अशी गोष्ट. पुढे त्यानं रेनॉल्ड्सला सांगितलं की एका आठवड्याच्या संध्याकाळांत ते लिहिलं, लिहून होईल तसे कागद छापखान्यात धाडले, आणि नंतर पुन्हा वाचलं नाही. पहिल्या आवृत्तीचे १०० पौंड मिळाले, दुसरीचे २५. त्यातून आईचे अंत्यविधी आणि तिची राहिलेली देणी भागवायची होती. जो माणूस गावी जाण्यासाठी उठू शकला नाही, तो त्याच दिवसांत रोज संध्याकाळी टेबलापाशी बसून सुखाच्या शोधाची गोष्ट लिहीत होता. याला एकाग्रता म्हणायचं की पळ काढणं? मला दोन्ही वाटतं. आपण लिहिणं टाळण्यासाठी बाकीच्या गोष्टी करतो, जॉन्सननं त्या आठवड्यात दुसरं काहीतरी टाळण्यासाठी लिहिलं असेल. २२ वर्षांनी, १७८१मध्ये, घोडागाडीतून जाताना बॉस्वेलकडे ते पुस्तक त्याला दिसलं, तेव्हा त्यानं ते हिसकावल्यासारखं घेतलं आणि अधाशासारखं वाचलं. लिहिल्यापासून पहिल्यांदाच.

जॉन्सनच्या आळसाबद्दल हसताना हे विसरायला नको की तो साधा आळस नव्हता. त्याला नैराश्याचे झटके यायचे, आपण वेडे होऊ अशी भीती त्याला आयुष्यभर होती. एकटं राहणं त्याला सोसायचं नाही. म्हणून तर रात्री घरी जायचं तो टाळायचा. क्लब काढायचा, चहाचे कपावर कप रिचवायचा, समोरच्याला उठू द्यायचा नाही. घरात आंधळी कवयित्री ॲना विल्यम्स, गरिबांवर उपचार करणारा अबोल रॉबर्ट लेव्हेट, जमैकाहून आलेला फ्रान्सिस बार्बर, आणि हॉज नावाचं मांजर. मंडळी आपसांत भांडायची, पण त्याला ती हवी होती. एकदा बोक्लर्क आणि लँगटन या दोन तरुण मित्रांनी पहाटे तीनला दार ठोठावलं. जॉन्सन चोर समजून हातात चुलीतली लोखंडी सळई घेऊन, रात्रीच्या सदऱ्यात बाहेर आला. मित्र दिसल्यावर म्हणाला, थांबा, मीही येतो! मग कॉव्हेंट गार्डनच्या मंडईत भाजीवाल्यांच्या टोपल्या उतरवायला मदत, मग दारूचा गुत्ता, मग नदीतून नावेनं फेरफटका. सकाळी लँगटन काही तरुणींबरोबर न्याहारीला जायला निघाला, तर जॉन्सन त्याच्यावरच चिडला.

अशा माणसाला 'फोन बाजूला ठेव' सांगण्यात काय अर्थ आहे? ज्याला आपण व्यत्यय म्हणतो, ती त्याची जगण्याची काठी होती. काठी काढून घेतली असती तर तो लिहू शकला असता, असं मला अजिबात वाटत नाही.

डायऱ्या वाचवत नाहीत. ५५व्या वाढदिवशी लिहितो की आठवतंय तेव्हापासून चांगलं जगायचे बेत करतोय आणि केलं काहीच नाही. १७६५च्या ईस्टरला ठरवतो की रोज आठला उठायचं. आठ म्हणजे काही लवकर नाही हे त्यालाही कळत होतं, पण तो दोनपर्यंत झोपायचा ना, त्या मानानं लवकर! हाच संकल्प तो पुढेही करत राहिला. १७८१मध्ये कवींच्या चरित्रांचं शेवटचं मोठं काम, ५२ कवींचं, पूर्ण केलं तेव्हाही त्यानं नोंद केली की नेहमीसारखंच रेंगाळत आणि घाईत, मन नसताना आणि झपाट्यानं केलं. सत्तरी उलटली होती. सवय काही बदलली नव्हती, फक्त ती लिहून ठेवताना आता तो स्वतःवर तितका रागावत नव्हता, असं मला त्या ओळी वाचताना वाटलं. १३ डिसेंबर १७८४ला तो गेला.

या माणसाचं आपल्याकडे काय? आहे की! पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर नावाचे सरकारी शाळेतले एक तरुण शिक्षक होते. १८७४ साली त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक काढलं, आणि जवळजवळ एकट्यानं लिहून त्याचे ८४ अंक काढले. मराठी गद्याला वळण लावणाऱ्या त्या मालेत डॉक्टर जॉन्सनवर त्यांनी चांगला लांबलचक लेख लिहिला. नियतकालिकाच्या तारखेला बांधून घेऊन एकट्यानं निबंध लिहायचे, हा रॅम्बलरचाच धंदा. १८७९मध्ये विष्णुशास्त्रींनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. आणि त्या काही वर्षांत न्यू इंग्लिश स्कूल, छापखाना, चित्रशाळा, पुस्तकांचं दुकान, 'केसरी' आणि 'मराठा', अशी इतकी कामं अंगावर घेतली की ऐकूनच दम लागतो. १७ मार्च १८८२ला ते गेले तेव्हा त्यांना ३२ वर्षंही पुरी झाली नव्हती.

त्यांच्या आधी त्यांचे वडील कृष्णशास्त्री. त्यांनी 'रासेलस' मराठीत आणायला घेतलं. काम त्यांच्या हातून पुरं झालं नाही, ते विष्णुशास्त्रींनी पुढे नेऊन पूर्ण केलं. 'शालापत्रका'तून ते क्रमशः येत होतं. जॉन्सननं एका आठवड्याच्या संध्याकाळांत लिहिलेल्या पुस्तकाचं मराठी व्हायला बापलेकांना मिळून काही वर्षं लागली.

तर मंडळी, आज एवढंच. माझी ती पुस्तिका? गेली एकदाची. आमच्या साउंड एडिटर दादानं गुरुवारी घरी येऊन सोफ्यावर बैठक मारली आणि सांगितलं की एपिसोडची स्क्रिप्ट आणि पुस्तिका, दोन्ही झाल्याशिवाय हलणार नाही. तीन कप चहा प्यायला. पुढचा भाग चिपळूणकरांच्या 'शालापत्रका'वर करायचा विचार आहे, सरकारनं ते का बंद केलं ती गोष्ट. शनिवारी भेटू.